दोन ओळी आणि पाच झाडं

९ डिसेंबर

वकीलबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा, म्हणजे तारखेपर्यंत डोकं ताळ्यावर राहील. म्हणून ही वही. तारीख एकोणीस जानेवारीची, वर्ध्याच्या कोर्टात. त्या दिवशी मी आणि अमर जजसाहेबांपुढे उभे राहून 'दोघांचीही संमती आहे' म्हणणार आणि बारा वर्षांचं लग्न मोकळं होणार. भांडण नाही, आदळआपट नाही. अमरला मी कंटाळवाणी वाटते, आणि अमरसमोर मला मी स्वतःच कंटाळवाणी वाटते, एवढंच.

वर्ध्याच्या एका वाचनालयात मी अकरा वर्षं काम करते. रहस्यकथांचं कपाट माझ्याकडे. त्यातल्या प्रत्येक पुस्तकातला खुनी मी शेवटच्या प्रकरणाआधी ओळखला आहे. (खरं सांगायचं तर दोनदा चुकले.) सध्या बिनपगारी रजा टाकून आईकडे आले आहे, आर्वीपासून अकरा किलोमीटरवर, आणि इथे काही म्हणजे काही घडत नाही. बागासुद्धा गप्प आहेत. डिसेंबर म्हणजे संत्र्याचा ताण. दीड महिना झाडाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, पानं पार मलूल होऊ द्यायची, मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड वेड्यासारखं फुलतं. त्यामुळे गावातल्या सगळ्या मोटरी बंद आणि सगळे बागवाले पारावर.

११ डिसेंबर

आमच्या घरासमोरच्या वावरात एक नवा माणूस आला आहे. नाव दुर्गेश, वय चाळीस-बेचाळीस, वरूडकडचा. वावर भाड्याने घेऊन त्याने कलमांची नर्सरी टाकली आहे. दिवसभर उकिडवा बसून जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतो, म्हणजे डहाळीवरची एक कळी सालीसकट काढून दुसऱ्या रोपात बसवतो. हातात कायम धारदार चाकू. कमी बोलतो. भाकर उभ्यानेच खातो, सोबत कच्ची मिरची. खांदे रुंद, कान जरा मोठे, निळा शर्ट आठवड्यातून तीनदा. आणि एक विचित्र गोष्ट: सारं गाव मला अंजूताई म्हणतं, हा म्हणत नाही. 'ऐकता का', 'तुम्ही', असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेतो. माणूस नक्की काहीतरी लपवतो आहे.

आईने विचारलं, "दुपारपासून गच्चीवर काय करून राह्यली तू?"

"मिरच्या वाळवते."

"मिरच्या तं खाली अंगणात आहेत."

१४ डिसेंबर

प्रभाकरकाकांकडे डबा घेऊन गेले होते. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, वय एकाहत्तर, मूलबाळ नाही, काकू जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची बाग आमच्या घरामागेच, बाराशे पावलांवर. दिवाळीत त्यांनी मृत्युपत्र केलं आणि बाग माझ्या नावे लिहिली. लिहून घेतलं ते अमरकडूनच, कारण वर्ध्याच्या तहसील कचेरीसमोर त्याचं दस्तलेखनाचं दुकान आहे आणि आमचं फाटलंय हे तेव्हा काकांना ठाऊक नव्हतं.

आता कळल्यावर चिडतील अशी भीती होती. चिडले नाहीत. म्हणाले, "बरं झालं बाप्पा. बारा वर्सांत जावई एकदा बी बागेत आला नाई. बुटात माती जाते म्हणे." मग मला हसताना पाहून स्वतःही ठसका लागेपर्यंत हसले.

बागेच्या बांधावरून मोठा रस्ता जाणार म्हणून प्लॉटवाले सारखे येतात. काका त्यांच्यासमोर कुत्रा सोडतात आणि मग स्वतःच त्यांना चहा पाजतात.

१६ डिसेंबर

घडलं! शेवटी या गावात काहीतरी घडलं!

डबा घेऊन बागेत गेले तर अवजारांच्या कोठ्यामागून आवाज. काका आणि तो दुर्गेश. मी जागच्या जागी थांबले. (चोरून ऐकणं वाईट, पण आता कोण पाहणार.) काका ओरडत होते, "माह्या मरणाची वाट पाहून राह्यला का तू? आजच सांगतो मी तिले!" आणि दुर्गेश, दबक्या आवाजात पण एकेक शब्द दाबून, "एकोणीस तारीख होऊन जाऊ द्या काका. त्याच्याआधी तिले कळलं तं सगळं बिघडून जाईन. तुम्ही तोंड उघडलं तं पाह्यजा मंग!"

एकोणीस तारीख! माझीच तारीख! या माणसाचा माझ्या घटस्फोटाशी काय संबंध? बागेवर डोळा आहे की काय? काकांना विचारलं तर म्हणाले, "काई नाई पोरी, कलमाच्या गोष्टी," आणि मिशीत हसले. घाबरून हसले असतील.

उद्यापासून पाळत. वेळ टाकून लिहायचं, पुस्तकातल्यासारखं.

१८ डिसेंबर, सकाळी साडेनऊ

सहा चाळीस: संशयित काकांच्या बागेकडून आला. हातात संत्र्याच्या डहाळ्या, फडक्यात गुंडाळलेल्या.
सात: नर्सरीत बसला. निळा शर्ट.
सात वीस: पहिली ओळ बांधून झाली. बोटं फार चपळ. साल कापताना श्वास रोखतो.
सात पन्नास: चूळ भरली. भाकर. मिरचीचा ठसका लागला, तरी दुसरी मिरची घेतली.
आठ दहा: वर पाहिलं. मी मिरच्यांकडे पाहिलं. (मिरच्या आता वरच आणल्या आहेत.)
आठ चाळीस: परत वर पाहिलं.
नऊ वीस: उठला, पाणी प्यायला, एका रोपाला काहीतरी म्हणाला. रोपाला!

जागेवरून हलला नाही. संशयास्पद इतका की मला चहा घ्यायचंही भान राहिलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

काका गेले.

रामबाई धावत आली. ती काकांच्या बागेत पंधरा वर्षं काम करते, तिचा नवरा सोनबा जंगल खात्याच्या कामावर जातो. लेकीकडून आर्वीच्या पावणेदहाच्या एस.टी.ने परत आली, बागेत गेली तर मोटर चालू, आणि काका विहिरीत. तिनं आधी मोटर बंद केली, मग गाव गोळा केलं. डोक्याला मागे मार. विहिरीच्या दगडावर आपटले असतील, असं सगळे म्हणाले. पोलीस पाटील, ठाण्याची जीप, आर्वीचा दवाखाना.

अमरला फोन केला. माझ्या तोंडून 'काका विहिरीत पडले, गेले' एवढंच निघालं. तो म्हणाला, "मोटर सुरू करायला गेले असतील गं सकाळी. तू रडू नको, मी सकाळी आठपासून दुकानातच आहे, आत्ता निघतो." दोन तासांत आला, खांदा दिला, लहान पोरासारखा रडला. संकटात अमरचं डोकं किती भरभर चालतं हे मी विसरले होते.

२१ डिसेंबर

तीन दिवस नुसती पडून होते. आज आई स्वयंपाकघरात स्वतःशीच म्हणाली, "ताणावरच्या बागेत मोटर काऊन लावली असंन भाऊजींनं?" आणि मी ताडकन उठून बसले.

खरंच की! पन्नास वर्षं संत्रं पिकवलेला माणूस ताण मोडणार? अठरा डिसेंबरला? मोटर काकांनी लावलीच नाही! कोणीतरी त्यांना मारलं, विहिरीत टाकलं, आणि अपघात वाटावा म्हणून मोटर सुरू केली!

आर्वीच्या पुढच्या एस.टी.ने ठाण्यात. ठाणेदारसाहेब नागपूरकडचे, शांत, पान खाणारे. म्हणाले, "म्हाताऱ्याले आंघोळ करायची असंन बाई." मी ताण समजावून सांगितला. ते पिंक टाकायचे थांबले. "मंग तुमचा संशय कोणावर?"

मी सोळा तारखेचं सगळं सांगितलं, पाळतीचंही. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. परत येताना एस.टी.त छाती अशी धडधडत होती की शेजारची बाई म्हणाली, लिंबू हवं का.

२३ डिसेंबर

दुर्गेशला घेऊन गेले. सकाळी सहाला विहिरीवर होतो, काकांनी चहा दिला, साडेसहाला निघालो, हे त्याने स्वतःच कबूल केलं. म्हणजे तेव्हाच उरकलं असेल, असं ठाणेदार म्हणाले. भांडण कशावरून झालं विचारलं तर तोंडातून अक्षर काढत नाही. "मारलं तरी नाई सांगणार," म्हणाला म्हणे.

मी केस सोडवली. पाच दिवसांत!

जीपमध्ये बसताना त्याने गच्चीकडे पाहिलं. दोन घास गेले नाहीत. पित्त झालं असावं.

२९ डिसेंबर

पित्त कमी होत नाही. नर्सरीतली रोपं सुकत होती म्हणून मी पाणी घातलं. रोपांचा काय दोष. त्याने बांधलेल्या डोळ्यांतले बरेच हिरवे आहेत.

आई म्हणाली, "ज्याले पकडून देलं त्याच्याच रोपाले पाणी? तुह्यं मले काई समजत नाई."

३ जानेवारी

अमर आठवड्यात तिसऱ्यांदा आला. तेराव्यालाही सगळी धावपळ त्यानेच केली. आज अंगणात बसून म्हणाला, "अंजू, आपण घाई तर नाही करत आहोत? मला रात्री झोप लागत नाही. एकोणीसला मी संमती मागे घ्यावी म्हणतो. परत एकदा पाहू ना."

बारा वर्षांत त्याने मला इतका वेळ सलग पाहिलं नव्हतं. मी चक्क लाजले. एखादी बाई अशी एकोणचाळिसाव्या वर्षी आपल्याच नवऱ्यासमोर लाजते, हे पुस्तकात लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आईने त्याच्यासमोर चहाचा कप जरा जोरात ठेवला.

मग माझ्या आयुष्यात प्रेम परत येतं आहे तर मी खूश का नाही? पित्ताचं औषध बदलायला हवं.

८ जानेवारी

अमर कागद घेऊन आला. कुलमुखत्यारपत्र. म्हणजे बागेचे सगळे व्यवहार माझ्या वतीने त्याने करायचे. "काकांच्या मृत्युपत्राची नोंद, फेरफार, तलाठ्याच्या चकरा, तुला कुठे जमणार? संक्रांतीला सही कर, सोळाला नोंदणी करून टाकू." किती विचार करतो माझा! मी तिथेच सही केली असती, पण आईने पेन दिलं नाही. घरात एक पेन नाही म्हणाली. घरात सात पेनं आहेत. मी वाचनालयातली बाई आहे.

१३ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहिते, कारण हे आता फक्त माझ्यासाठी राहिलं नाही.

सकाळी भोगीची भाजी काकांच्या बागेत ठेवायला गेले. बांधावरच वास आला. संत्र्याच्या फुलांचा. मला वाटलं भास होतो आहे. गावातली एकही बाग अजून फुललेली नाही, सगळ्या ताणावर, पिवळ्या पडलेल्या. काकांची बागही तशीच. आणि तिच्यात विहिरीकडच्या दोन ओळी पांढऱ्या शुभ्र. तिसऱ्या ओळीतली पाच झाडं, आणि मग परत सगळं मलूल.

रामबाई मागून आली. तीही बघत राहिली. म्हणाली, "ह्येच झाडं पानी पेले ताई, त्या दिवशी. मोटर चालू होती ना."

"एवढीच का गं?"

"मंग? आपलं पानी दांडानं जाते. पह्यल्या झाडाचं आळं भरलं का दुसऱ्यात, दुसरं भरलं का तिसऱ्यात. एका ओळीत बारा झाडं, एका ओळीले एक घंटा. काका घड्याळ नाई पाह्यत होते, ओळी मोजत होते."

बारा झाडांना एक तास. म्हणजे एका झाडाला पाच मिनिटं. दोन ओळी आणि पाच झाडं, एकोणतीस. दोन तास पंचवीस मिनिटं! मी रामबाईचा हात घट्ट धरला. "तू मोटर किती वाजता बंद केली?"

"बरोबर दहाले. पावणेदहाची एस.टी. त्या दिवशी टायमावर होती. मी तिच्यातून उतरून सरळ इकडंच आली."

दहातून दोन तास पंचवीस मिनिटं गेली तर सात पस्तीस. मोटर सात पस्तीसला सुरू झाली! सहाला नाही, साडेसहाला नाही!

मी धावत घरी आले. चप्पल बागेतच राहिली. वही उघडली. अठरा डिसेंबर. सात वीस: पहिली ओळ बांधून झाली. सात पन्नास: चूळ भरली, भाकर. सात ते साडेनऊ तो माझ्या डोळ्यांसमोर होता. अडीच तास मी त्याच्यावरून नजर हलवली नव्हती आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे, बाराशे पावलांवर, काका मरत होते. मी गच्चीवर होते, फक्त तोंड दुसरीकडे होतं. हे मला जन्मभर बोचणार आहे.

आणि मूर्खासारखी गोष्ट, जो माणूस संत्र्याच्या डहाळीवर श्वास रोखतो, तो ताणावरच्या बागेत मोटर लावेल का? त्याला मारायचं असतं तरी त्याने मोटरला हात लावला नसता. मोटर लावली ती अशा कोणीतरी, ज्याला वाटतं की शेतकरी रोज सकाळी उठून बागेला पाणीच देतो. ज्याच्या बुटात माती जाते.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग मागची पानं वाचली. अमरचा फोन. मी 'विहिरीत पडले' एवढंच म्हटलं होतं. मोटरचं नाव तो आधी बोलला. ती ओळ मी तीनदा वाचली. माझ्याच हातची ओळ, माझंच अक्षर, आणि खाली मीच लिहिलेलं की त्याचं डोकं किती भरभर चालतं.

मग पुढचं सगळं आपोआप लागत गेलं. मृत्युपत्र त्याने लिहिलेलं. एकोणीसच्या आधी काका गेले तर बाग त्याच्या बायकोची. एकोणीसनंतर गेले तर एका परक्या बाईची. म्हणून संमती मागे, म्हणून कुलमुखत्यारपत्र. आणि मी लाजले होते! त्याच्यासमोर!

दुपारी रामबाईला घेऊन ठाण्यात गेले. वही द्यावी लागली. सगळी. ठाणेदारांनी ती माझ्यासमोर वाचली आणि 'कान जरा मोठे' इथे हवालदाराकडे पाहिलं. हवालदार भिंतीकडे पाहू लागला. माझे कान तापले. पण अठरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत आले आणि त्यांचं हसू गेलं. वहीच्या त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, एकाला आमच्या गच्चीवरून दुर्गेशची नर्सरी नीट दिसते का ते पाहायला पाठवलं, दोघांना वर्ध्याला पिटाळलं. मला म्हणाले, "उद्या जावई सहीसाठी येणार ना? येऊ द्या. घाबरू नका. बोलत ठेवा फक्त."

बोलत ठेवा! मला!

१४ जानेवारी, संक्रांत

अमर अकराला आला. पांढरा शर्ट, तिळगुळाचा डबा, कागदांची फाईल. पेन त्याने स्वतःचं आणलं होतं.

मी म्हटलं, "सही काकांच्या बागेत करते. त्यांच्यासमोर केल्यासारखं वाटेल." त्याला हे फार आवडलं. वाटेत दोनदा थांबून बूट झाडले. बागेत साध्या कपड्यातला हवालदार रामबाईच्या शेजारी गवत कापत होता, इतका वाईट की मला वाटलं आता फसतंय सगळं. सोनबा कोठ्याच्या दाराशी कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. तो मात्र खरंच धार लावत होता.

फुललेल्या ओळींपाशी मी थांबले. विचारलं, "अमर, या दोनच ओळी का फुलल्या असतील?"

त्याने पाहिलं. खरंच विचार केला. "जात चांगली असेल. बाकीची झाडं म्हातारी झाली. सगळी काढून टाकायला हवीत एकदाची."

"त्यांना पाणी मिळालं म्हणून फुलल्या. अठरा तारखेला, सात पस्तीसला."

"मग काकांनीच दिलं असेल ना. ते रोज सकाळी द्यायचे."

"डिसेंबरात कोणीच देत नाही. बारा वर्षांत एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली, आधी हसू, मग नवऱ्याचा लाडिकपणा, मग दस्तलेखकाची ऐट. जे खाली उरलं त्याच्याशी मी बारा वर्षं एका ताटात जेवले. तो एक पाऊल पुढे आला. "अंजू, सही कर." मी ओरडले नाही. मला ओरडायचं सुचलंच नाही. सोनबा उठून उभा राहिला आणि हवालदाराने विळा टाकून अमरचा दंड धरला.

वर्ध्यातल्या आर्वी रोडवरच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात तो सापडला आहे. अठरा तारखेला सकाळी सहा दहाला गावाकडे, नऊला परत. दुकान त्या दिवशी साडेनऊला उघडलं, हे शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं.

तिळगुळाचा डबा बागेतच राहिला. आईने तो विहिरीमागे नेऊन पुरला.

१६ जानेवारी

दुर्गेश सुटला. रामबाईने सांगितलं, दुपारच्या एस.टी.ने आला, घरी न जाता सरळ नर्सरीत बसला आणि एकेक रोप हात लावून पाहिलं. मी गच्चीवर गेले नाही. दार लावून बसले. ज्याला मी चोवीस दिवस कोठडीत डांबलं त्याच्याकडे कुठल्या तोंडाने पाहू? माझं पित्त कशाचं होतं हे मला आता कळलं आहे आणि कळून काही उपयोग नाही.

१९ जानेवारी

वर्ध्याचं कोर्ट. अमरला जेलमधून पडद्यावर दाखवलं. दाढी वाढलेली. जजसाहेबांनी विचारलं, संमती कायम आहे का? तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "नाही. मला बायको हवी आहे." वकीलबाई कुजबुजल्या की आता रीतसर केस लढावी लागेल, दोन वर्षं तरी धरून चाला. दोन वर्षं त्याचं नाव माझ्या नावापुढे!

बाहेर आले तर टायपिंगवाल्यांच्या छपरीखाली दुर्गेश उभा. निळा शर्ट. तीन आठवड्यांत खूप वाळलेला. मी ठरवलेलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, "तक्रार मी केली होती. तुम्हाला मी पकडवलं."

"माहीत आहे. ठाणेदारानं पह्यल्याच दिवशी सांगितलं."

"मग? तरी तुम्ही भांडणाचं कारण सांगितलं नाही? सांगितलं असतं तर सुटला असता!"

"सांगतलं असतं तं पोलिसाच्या कागदावर आलं असतं. तिथून त्याच्या वकिलापाशी. मंग कोर्टात तुमालेच दोष लागला असता का बाईचं अगोदरच कुठं तरी आहे." तो चपलेने माती उकरत होता. "काका म्हणत होते, आवडते तं सांगून टाक तिले. मी म्हणत होतो, तिची तारीख होऊन जाऊ द्या. बस, एवढंच भांडण."

चोवीस दिवस! मी रडायला लागले, भर कोर्टाच्या आवारात, काळ्या कोटांच्या गर्दीत. तो घाबरला, इकडेतिकडे पाहून म्हणाला, "रडू नका ना, लोकं पाह्यतात."

"राग नाही आला माझा?"

"तीन दिवस लय आला. मंग ठाणेदारानं इचारलं, थे बाई तुह्यावर पाळत काऊन ठेवते? तवा सोचलो, म्हटलं हिचं आपल्याकडे ध्यान तं आहे." आणि हा माणूस पहिल्यांदा हसला. कान खरंच मोठे आहेत.

मी सांगितलं, संमती मिळाली नाही, दोन वर्षं लागतील. तो म्हणाला, लागू द्या, तोपर्यंत तो दुसऱ्या गावात नर्सरी हलवतो, माझ्या नावाला बोट नको लागायला. हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्याचा संताप आला. माझं नाव जपायला एक माणूस चोवीस दिवस गप्प बसला, आता दोन वर्षं बसणार. आणि मी काय करणार? मिरच्या वाळवणार?

परत आलो एकाच एस.टी.ने. फाट्यावर उतरून तो मागे राहायला लागला, मला पुढे जाऊ द्यायला. मी थांबले. तो आला तशी त्याच्यासोबत चालले, पारावरून, सगळे बागवाले बसलेले असताना. आमच्या दाराशी मोठ्याने म्हटलं, "दुर्गेश, आई वाट पाहते, जेवून जा." पारावरचे सगळे वळून पाहू लागले.

आई दारात आली. तिने आधी पाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्याला म्हणाली, "ये बाप्पा. भाकर बसून खायची आहे इथं."

त्याने चपला दाराबाहेर काढल्या. मग वाकून त्या उचलल्या, आत आणून दारामागे ठेवायला लागला, रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून. मी त्याच्या हातातून घेतल्या आणि परत बाहेर, उंबऱ्याच्या मधोमध, तोंड पाराकडे करून ठेवल्या. संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या.